जोड्यापेक्षा पाटी टिकाऊ

तळहाताच्या खळग्यात मावेल एवढा पत्र्याचा तुकडा. वर लाल हंस छापलेला, त्याच्या अंगावर कंपनीचं नाव. पोटाशी पोलादाची लवचीक पट्टी. अंगठ्याने दाबली की ‘टक्’, सोडली की पुन्हा ‘टक्’. आपल्याकडे जत्रेत पत्र्याचा बेडूक मिळायचा, त्याच जातीचं हे खेळणं. अमेरिकेत बुटांच्या दुकानात आईचं बोट धरून आलेल्या पोराला ते फुकट मिळे. वर्षभरात पोराचा पाय वाढे, जोडा धाकट्याकडे आणि तिथून उकिरड्यावर जाई. खेळणं मात्र कुठल्यातरी खणात पडून राही. जुन्या पादत्राण कंपन्यांच्या जाहिरातवस्तू जमवण्याचा छंद याच व्यवहारावर उभा आहे. चामडं झिजतं, बुरशी धरतं, तडकतं. पत्रा, इनॅमल, प्लास्टर मागे उरतं. हा छंद असणाऱ्यांच्या भिंतींवर बूट फारसे दिसतच नाहीत.

पण बुटाला खेळण्याची, पाटीची, चित्राची गरज पडली कधी?

गावगाड्यात ती नव्हती. चांभार बलुतेदार होता. वर्षाचं बलुतं घ्यायचं आणि शेतकऱ्याच्या वहाणा, मोट, आसूड यांची काळजी वाहायची, हा त्याचा करार. कोणाच्या पायाला कुरूप आहे, कोण टाच घासत चालतो, हे त्याला पाठ असे. वहाण चावली तर तक्रार कोणाकडे करायची हेही गावाला ठाऊक असे. त्याने केलेला जोडा घरोघरी वापरात होता आणि त्याला स्वतःला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. या ओळखीत माणुसकी किती होती ते यावरून समजावं. पण ओळख होती, आणि ती होती तोवर पाटीचं काम नव्हतं. युरोपातल्या गावांतही मोच्याच्या दारावर भलामोठा लाकडी बूट टांगलेला असायचा, तो फक्त दुकान कुठे आहे हे निरक्षराला कळावं म्हणून. ‘माझाच बूट घ्या’ असं तो म्हणत नव्हता.

ही ओळख तुटली ती मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी. तिथे बूट शिवायला यंत्र आलं होतं, पण वरचं चामडं लाकडी फर्म्यावर ताणून तळाशी ठोकायचं काम हातानेच चाले, आणि ते करणारे कारागीर सगळ्या धंद्याला दाबून होते. चांगला हात असेल तर दिवसाला ५० जोड. डच गयानातून, म्हणजे आजच्या सुरीनाममधून, आलेल्या यान मात्झेलिगर या कृष्णवर्णीय कामगाराने रात्री जागून हे काम करणारं यंत्र बनवलं. २० मार्च १८८३ रोजी त्याला पेटंट मिळालं. यंत्र दिवसाला १५० पासून ७०० पर्यंत जोड उतरवू लागलं. मात्झेलिगर ३७ वर्षांचाही न होता १८८९ मध्ये क्षयाने गेला. कोठारं मात्र भरू लागली. आता बूट मुबलक होते, आणि घेणाऱ्याला ते कोणी केले याचा पत्ता नव्हता.

हा पत्ता पुरवायचं काम जाहिरातीने उचललं. त्याच सुमारास रंगीत शिळाछाप स्वस्त झाला होता. दुकानदार पत्त्याएवढी चित्रकार्डं वाटत: पुढे फुलं, मांजरं, गुबगुबीत पोरं, मागे बुटांचे भाव. घराघरांतल्या बायका-मुलांनी ती वह्यांत चिकटवून ठेवली. म्हणजे हा छंद जाहिरातीइतकाच जुना आहे. आज लिलावात येणाऱ्या कित्येक कार्डांच्या पाठीवर वाळलेल्या खळीचे पिवळे डाग असतात. व्यापारी त्याला दोष मानून भाव पाडतात. मला तर तो डागच त्या कार्डाचा दाखला वाटतो.

आणि मग आला डग्लस. विल्यम एल. डग्लस, मॅसॅच्युसेट्समधल्याच ब्रॉक्टन गावचा कारखानदार. तीन डॉलरांचा बूट ही त्याची ओळख. याने सरळ स्वतःचा चेहरा जाहिरातीत घातला: टक्कल, भरघोस मिशा, गंभीर नजर. वर्तमानपत्रांत, फलकांवर, पत्र्यांवर तोच चेहरा. बुटाच्या तळावर नाव आणि किंमत ठोकलेली, म्हणजे दुकानदाराला भाव चढवायला वाव नाही. गावच्या मोच्याची जी जागा रिकामी झाली होती तिथे हा गृहस्थ स्वतःची तसबीर टांगत होता. तसबीर इतकी मुरली की १९०४ मध्ये रिपब्लिकनांच्या बालेकिल्ल्यात डेमोक्रॅट म्हणून उभा राहून डग्लस मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर म्हणून निवडून आला आणि वर्षभर त्या पदावर राहिला. बुटाच्या जाहिरातीने निवडणूक जिंकली असं म्हणणं धाडसाचं होईल. पण मतदाराला उमेदवाराचा चेहरा वेगळा दाखवावा लागला नसणार.

त्याच १९०४ मध्ये, तिकडे सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात, दुसरा एक चेहरा विकायला बसला होता. रिचर्ड आउटकॉल्ट या व्यंगचित्रकाराचा बस्टर ब्राउन हा खोडकर मुलगा १९०२ पासून न्यूयॉर्क हेरल्डमध्ये गाजत होता. श्रीमंताघरचं पोर, कपाळावर कापलेले केस, मोठ्या कॉलरचा पोशाख आणि दात विचकणारा टाइग नावाचा कुत्रा. आउटकॉल्टने प्रदर्शनात गाळा टाकून या मुलाचं नाव-चित्र वापरायचे हक्क येईल त्याला विकले. गिऱ्हाइकांत सेंट लुईसचीच ब्राउन शू कंपनी होती. कंपनीचं नाव तिचे संस्थापक जॉर्ज वॉरन ब्राउन यांच्यावरून, मुलाचं आउटकॉल्टच्या डोक्यातून. आडनाव जुळलं हा निव्वळ योगायोग, पण कंपनीला तो असा फळला की पुढे गिऱ्हाइकांना दोन्ही एकच वाटू लागलं.

या सौद्याचा ताप आजच्या संग्राहकाला होतो. बस्टर ब्राउन पावावर आहे, सिगारवर आहे, पायमोज्यांवर आहे. एखादी सुंदर पत्र्याची पाटी हाती येते, मुलगा तोच, कुत्रा तोच, आणि खाली बारीक अक्षरांत भलत्याच मालाचं नाव. जो फक्त पादत्राणांचंच जमवतो त्याला ती परत ठेवताना जीव तुटतो. बहुतेक जण परत ठेवत नाहीत.

ब्राउन कंपनी चित्रावर थांबली नाही. बुटक्या चणीच्या कलावंतांना बस्टरचा पोशाख घालून, सोबत शिकवलेला कुत्रा देऊन गावोगाव पाठवलं. भाड्याने घेतलेल्या नाट्यगृहांत, दुकानांत त्यांचे खेळ होत. १९०४ मध्ये सुरू झालेली ही परंपरा मधल्या खंडासह १९३० पर्यंत चालली. पुढे रेडिओ आला, मग टीव्ही. पन्नाशीच्या दशकातल्या त्यांच्या मुलांच्या कार्यक्रमात गुंगा राम नावाचा एक ‘भारतीय’ मुलगा हत्ती घेऊन जंगलात पराक्रम करत असे. एका पिढीच्या अमेरिकन पोरांना हिंदुस्थान भेटला तो असा, बुटाच्या कंपनीच्या खर्चाने. या कार्यक्रमांच्या निमित्तानेही चित्रकथांच्या पुस्तिका वाटल्या गेल्या. त्यांची कागदी पानं पिवळी पडून तुकडे होताहेत आणि भाव वाढताहेत.

सेंट लुईस हे शहर त्या काळात बुटांनीच ओळखलं जाई. इंटरनॅशनल शू कंपनी तिथलीच. लाल हंस आणि पोपट ही तिची मुलांच्या बुटांची दोन चिन्हं. हंसाचं कूळ गीसेके नावाच्या जर्मन वंशाच्या बूट व्यापाऱ्याकडे जातं. मालाच्या खोक्यांवर हंस असे; कंपन्या एकमेकींत मिसळत गेल्या, हंस तेवढा राहिला. त्याची सर्वांत हवीहवीशी वस्तू म्हणजे दुकानात ठेवायचा मोठा हंस. बूट घेतले की मुलाने त्याची मान खाली ओढायची आणि पोटातून सोनेरी अंडं पडायचं. अंड्यात गोळ्या किंवा खेळणं. हे हंस आज मिळतात ते बहुधा मानेपाशी डागडुजी केलेले, कारण हजारो पोरांनी ती ओढलेली. अजिबात न दुरुस्त केलेला, चकचकीत मानेचा हंस कोणी दाखवला तर मी आधी शंका घेईन.

याच कंपनीच्या कचेरीत तिशीच्या दशकात एक तरुण कारकुनी करत होता आणि वैतागत होता. बापही तिथेच नोकरीला. हे पोर म्हणजे पुढचा नाटककार टेनेसी विल्यम्स. ‘द ग्लास मिनॅजरी’मधला टॉम बुटांच्या गोदामात काम करतो तो यामुळे, आणि तिथल्या एका सहकाऱ्याची छाया ‘स्ट्रीटकार’मधल्या स्टॅन्ली कोवाल्स्कीवर पडली असं मानतात. तेंडुलकरांनी ‘वासनाचक्र’ या नावाने मराठीत आणलेलं नाटक ते हेच. लाल हंसाच्या पत्र्याच्या पाठीमागे अशी माणसंही होती, पण ती कुठे छापलेली नाहीत.

खेळण्यांपेक्षा मोठी एक वस्तू राहिली. विसाच्या दशकापासून बुटांच्या दुकानांत क्ष-किरणांचं यंत्र आलं. लाकडी कपाटासारखं, खालच्या फटीत बुटासकट पाय घालायचा आणि वरच्या झरोक्यांतून आपलीच हाडं हिरवट उजेडात हलताना पाहायची. एक झरोका मुलाला, एक आईला, एक विक्रेत्याला. बूट नीट बसतो का ते पाहण्यासाठी, असं नाव. खरं तर हीही जाहिरातच, ‘शास्त्रीय’ म्हणून खपवलेली. पोरं त्यात पुन्हा पुन्हा पाय घालत. धोका ध्यानात आल्यावर १९५७ मध्ये पेन्सिल्व्हेनियाने बंदी घातली, मागोमाग इतरांनी. आता ही यंत्रं संग्रहालयांत दिसतात. घरी ठेवायची हौस असलेले लोक आहेत. त्यांना माझा दुरून नमस्कार.

आता युरोप. १८९४ मध्ये झ्लीन या मोरावियातल्या गावी तोमाश बात्या याने भाऊ आणि बहिणीसह बुटांचा कारखाना काढला. आपण त्याला बाटा म्हणतो आणि तो आपलाच आहे असं समजतो. पुढे अमेरिकन कारखाने पाहून, लिनमध्ये स्वतः काम करून तो परतला. पण त्याने ना मिशा दाखवल्या, ना पोर, ना हंस. दाखवली किंमत. १९२२ मध्ये चेक चलन वधारलं, निर्यात बसली, गोदामं तुंबली. बात्याने एका रात्रीत बुटांचे भाव निम्मे केले. त्याच्या भित्तिपत्रकावर एक मूठ ‘महागाई’ या अक्षरांवर आदळते आहे. मजुरीही ४० टक्क्यांनी कापली होती, ती भित्तिपत्रकावर नव्हती. आकड्याच्या शेवटी नऊ ठेवायची त्याची सवय जगभर गेली. ९९ रुपये ९५ पैसे ही किंमत ज्या पिढीने काचेमागे वाचली, तिला हे वेगळं सांगायला नको. सुटे पाच पैसे परत मिळत की चॉकलेट, यावर मात्र घराघरांत वेगळी साक्ष मिळेल.

तोमाश बात्या १९३१-३२ च्या हिवाळ्यात विमानाने हिंदुस्थानात येऊन गेला आणि त्याच १९३२ च्या जुलैत विमान कोसळून मेला. कंपनीने हुगळीकाठी जमीन घेतली, १९३४ पासून बाटानगर उभं राहिलं. इथे जाहिरातीपुढचा पेच अमेरिकेहून अगदी निराळा होता. सेंट लुईसमधलं पोर बूट घालणारच होतं. प्रश्न एवढाच की कोणाचे. इथे बहुसंख्य पाय अनवाणी. म्हणून कंपनीला आधी बूट ही गोष्टच विकावी लागली. तिशीच्या दशकातली धनुर्वाताची ती प्रसिद्ध जाहिरात आठवा: किरकोळ जखमही घातक ठरू शकते, तेव्हा जोडा घाला. तिकडे सोन्याचं अंडं, इकडे मरणाची भीती. ही जाहिरात निष्ठुर होती असं काहींना वाटतं. मला ती बऱ्यापैकी प्रामाणिक वाटते. धनुर्वात खरा होता, आणि अनवाणी पायाला तो होतही होता.

दुसरा पेच देवांचा. रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला तोही १८९४ सालीच. तिथून पुढे आपल्याकडची सगळी कॅलेंडरं, बिड्यांची, कापडाची, तेला-साबणाची, लक्ष्मी-सरस्वती-कृष्णावर चालली. गिऱ्हाईक वर्ष संपलं तरी कॅलेंडर उतरवत नसे, कारण देव कचऱ्यात कसा टाकणार? चपलेच्या कंपनीला हा मार्गच बंद. देव्हाऱ्याबाहेर काढून ठेवायच्या वस्तूचं नाव देवाच्या पायाखाली कोण छापणार! वहाणेच्या कंपनीचं देवादिकांचं कॅलेंडर माझ्या पाहण्यात एकही नाही. त्यामुळे कागदाच्या बाबतीत आपल्याकडे या छंदाला गरिबी आहे, आणि जे आहे ते पत्र्यावर.

इनॅमलची पाटी ही हाताने वाचायची वस्तू आहे. लोखंडी पत्र्यावर आधी काचेच्या भुकटीचा थर देऊन सुमारे ८०० अंशांवर भाजतात. मग एकेका रंगाची भुकटी पसरायची, साच्याने अक्षरांचा भाग राखून बाकीची पुसून काढायची, पुन्हा भाजायची. जितके रंग तितक्यांदा भट्टी. म्हणून खऱ्या पाटीवर डोळे मिटून बोट फिरवलं तर पांढऱ्यावरून लाल अक्षरावर चढताना बारीक पायरी लागते. कोपऱ्यातला कोलकात्याच्या कारखान्याचा शिक्का भिंगाखाली धरावा. खिळ्यांच्या भोकांभोवती चंद्रकोरीसारखे टवके असतात, कारण दुकानदाराच्या पोऱ्याने स्क्रू जास्त पिळला की खालची काच फुटणारच. टवक्यात गंज काळपट आणि पत्र्यात मुरलेला हवा. पाठीमागेही करडा-काळा थर हवा.

मुंबईत चोरबाजारच्या मटण स्ट्रीटवर हे सगळं शिकता येतं, पैसे मोजून. नकली पाट्या तिथे ढिगाने आहेत. गंज नारिंगी आणि वरवरचा, टवके चारी कोपऱ्यांत सारखे, अक्षरं सपाट. विक्रेता शपथेवर सांगतो, ‘साहेब, कलकत्त्याच्या जुन्या दुकानातून उतरवली.’ मीही मान डोलावतो. नकलीसुद्धा कोणीतरी घासूनपुसून जुनी केली आहे, त्या मेहनतीचे दोनशे रुपये द्यायला हरकत नसते. दोन हजार द्यायला असते. माझ्याकडे एक बाटाची पाटी आहे ती मात्र बाजारातली नाही, एका मित्राच्या वाड्यातली. न्हाणीघराच्या कौलातून गळायचं म्हणून कोणीतरी कधीकाळी ती उपडी खुपसली होती. दर्शनी बाजू आत, म्हणून रंग शाबूत. आपल्याकडे पाट्या वाचल्या त्या बऱ्याचदा अशा, छप्पर, झाकण, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार होऊन. संग्राहक आणि संसारी माणूस यांच्यात पत्र्याची खरी कदर कोणाला, हा वादाचा विषय आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या गोष्टी जवळच्या म्हणून लवकर आटोपतात: पावसाळ्यातले सँडक, जूनमधले शाळेचे काळे बूट, मुंबईच्या कॅरोनाच्या चपला. यांचे पुठ्ठ्याचे खोके, बिलं, काउंटरवरचे फलक आता कुठे जमवायला सुरुवात झाली आहे. त्यानंतरच्या फ्लेक्सचं काही खरं नाही. वर्षभरात रंग उडतो आणि उरलेलं कापड झोपडीवर जातं.

या सगळ्या वंशावळीत कोल्हापुरी कुठेच नाही. कापशी, कुरुंदवाडी अशी गावांचीच नावं चपलांना पडली, आणि गाव हीच तिची जाहिरात होती. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत पिढ्यान् पिढ्या धंदा झाला, पण इनॅमलची पाटी, पत्र्याचा बेडूक, असं संग्राहकाच्या हाती लागेलसं फारसं काही तिने मागे ठेवलं नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन आलं, तो बहुधा तिचा पहिला मोठा छापील कागद. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने हुबेहूब तशा चपला नाव न घेता मिरवल्या, तेव्हा इथून ओरड झाली ती याच कागदाच्या आधारावर. मग कंपनीने भारतीय कारागिरीचा वारसा मान्य केला. त्यानंतर महाराष्ट्राच्या चर्मोद्योग महामंडळाने कोल्हापुरीसाठी क्यूआर कोड पुढे आणला. तो स्कॅन केला की चप्पल कोणी केली, कुठे केली, कोणतं चामडं वापरलं हे फोनवर दिसावं, अशी योजना आहे. डग्लसने मिशांवर भागवलेलं काम इथे कारागिराच्या खऱ्या नावाने होतंय, तेव्हा ते चांगलंच. संग्राहकाला मात्र त्याचा उपयोग शून्य. पन्नास वर्षांनी ते लेबल कोणाच्या हाती लागलं आणि पलीकडचा सर्व्हर बंद असला, तर त्याला दिसतील ते फक्त काळे-पांढरे चौकोन, आणि त्यांवर बोट फिरवून काही कळत नाही.